अर्धं बुडापेस्ट

सकाळी मोरीतून पहिला आवाज यायचा बादलीचा आणि दुसरा काकांचा.

"बुडा," काका म्हणायचे. मग गप्प. नळ चालू असला तर तो बंद करायचे, म्हणजे उत्तर आलंच तर पाण्याच्या आवाजात हुकायला नको. थोडं थांबून पुन्हा, "बुडा." भिंतीपलीकडे मी चहाचं आधण ठेवून उभी असायचे आणि नको म्हटलं तरी कान तिकडेच लागायचे. शेवटी काका म्हणायचे, "बरं, उद्या बघू," आणि काकूंकडून चूळ भरून घ्यायचे.

काकूंना लकव्याचा झटका आला होता. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचा गेली. ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. आपण "बुडा" म्हणावं आणि काकूंनी "पेस्ट" म्हणून ते शहर पुरं करावं, एवढंच काकांना आता हवं होतं. बाकी सगळं त्यांनी सोडून दिलं होतं, अगदी दुकानात बुडापेस्टच्या गप्पा मारणंसुद्धा. आणि काकांनी बुडापेस्ट सोडलं म्हणजे काय सोडलं, हे जव्हारच्या बाजारात कुणालाही विचारावं.

मी त्यांची भाडेकरू. रस्त्याला काकांचं औषधांचं दुकान, त्याच्या मागे घर, घराच्या मागे मोरी आणि मोरीला लागून माझी खोली. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून माझी इथे नेमणूक झाली तेव्हा वाटलं होतं, वर्षभर काढू, मग नाशिकला घराजवळ बदली मिळेल. दर वर्षी अर्ज केला आणि दर वर्षी इथेच राहिले. मोखाड्याचे पाडे, वावर-वांगणीकडचे रस्ते, जीप जाते तिथवर जीप आणि पुढे पायी. मुलांची वजनं घ्यायची आणि ती का वाढत नाहीत ते आयांना समजावायचं, जणू त्यांनाच ते ठाऊक नाही. संध्याकाळी परत आले की कुणी माझ्याशी बोलू नये असं वाटायचं. आणि खोलीकडे जायची वाट नेमकी दुकानावरून होती.

"या मॅडम. त्या शहरात लोक गरम पाण्यात बसून बुद्धिबळ खेळतात, ठाऊक आहे?"

"काका, आधी प्यायला पाणी द्या."

"देतो ना. पण ऐका. छातीपर्यंत पाण्यात. जमिनीतूनच येतं ते गरम पाणी, कुणी तापवत नाही. बाहेर बर्फ पडतोय आणि हे आपले बसलेत, घोडा अडीच घरं."

पाणी मिळायचं, पण बुद्धिबळाचा डाव संपल्यावर. मी भाडेकरू, ते सोसतच होते; गिऱ्हाइकांची दशा आणखी वाईट, कारण त्यांची गोळी काकांच्या हातात असायची. काका गोळीची पट्टी कात्रीने अर्धी कापायचे आणि तिथेच थांबायचे. "त्या शहरात नाव सांगताना आडनाव आधी सांगतात. अख्ख्या युरोपात बाकी सगळे उलटे, हे एकटे आपल्या शाळेच्या हजेरीसारखे." मग उरलेली पट्टी कापली जायची. पाड्यावरचे लोक कुणालाही अहो-जाहो करत नाहीत, त्यांच्या बोलीत ते नाहीच, त्यामुळे त्यांचं बरं होतं. एक आजोबा एकदा सरळ म्हणाला, "काका, मला ताप हाय. तू गोळी दे, तुझी नदी तुझ्यापाशी ठेव."

काका स्वतः नाशिक आणि ठाणे यांच्या पलीकडे कधी गेले नव्हते. हे सगळं सुरू झालं एका कॅलेंडरवरून. तरुणपणी, नुकतंच दुकान हातात आलेलं असताना, औषध कंपनीच्या माणसाने त्यांना एक कॅलेंडर दिलं. बारा महिन्यांची बारा चित्रं, सगळी एकाच शहराची. वर्ष संपलं तरी काकांनी ते उतरवलं नाही. महिना बदलला की पान मात्र नेमाने बदलायचे. तारखा आणि वार यांचा मेळ कधीच सुटला होता. गिऱ्हाइकाने तारीख विचारली आणि त्या भिंतीकडे बघितलं की काका म्हणायचे, "तारीख नका बघू, पूल बघा."

चित्रं बारा आणि ती पाठ व्हायला फार दिवस लागत नाहीत. मग काकांनी चित्रांच्या मागचं शहर शोधायला घेतलं. वाचनालयातली जाडजूड पुस्तकं, औषधांच्या खोक्यांत ठासून आलेले इंग्रजी पेपर, पुढे मोबाइल. नदीच्या एका काठाला बुडा, ते डोंगरावर. दुसऱ्या काठाला पेस्ट, ते सपाटीवर. दोन वेगळी गावं, मध्ये एवढी मोठी नदी. आधी पूल झाला, आणि मग त्यांचं मिळून एक शहर झालं. काकांना ह्या गोष्टीचं भारी अप्रूप. "आधी पूल, मग गाव एक. आपल्याकडे आधी कागदावर एक करतात, आणि पूल राहूनच जातो," ते म्हणायचे. पावसाळ्यात रस्त्याखालच्या मोऱ्या वाहून गेल्याने अर्ध्या वाटेवरून परत आलेली मी ह्यावर मान डोलवायचे.

काकू त्र्यंबककडच्या. लग्न होऊन जव्हारला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात दुकानातल्या त्या कॅलेंडरखालचं इंग्रजी नाव त्यांनी अक्षरं जुळवून वाचलं. औषधांचं दुकान, औषध कंपनीचं कॅलेंडर. काकूंनी डोक्यावरचा पदर सावरत नवऱ्याला विचारलं, "अहो, ही बुड्ढ्यांची पेस्ट आपल्याकडे मिळते का? आमच्या अण्णांचे दात हलतात."

काका किती हसले असतील! त्यांनी तो किस्सा अख्ख्या बाजाराला सांगितला. काकू चिडल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि मग त्यांनी त्याचा सूड असा घेतला की घरात दात घासायच्या पेस्टला बुडापेस्टच म्हणायला सुरुवात केली. कुठलीही कंपनी असो. "बुडापेस्ट संपली, येताना आणा." "बुडापेस्टचं झाकण कोणी उघडं टाकलं?" मी राहायला आले तेव्हा मला वाटलं ही इकडची कुठली तरी स्थानिक पेस्ट असेल. काकूंनी मला सगळं सांगितलं तेव्हा इतक्या वर्षांनंतरही त्या थोड्या लाजल्या होत्या.

त्या शहराची माहिती काकूंना काकांइतकीच होती. आवडीने मिळवलेली नव्हे, ऐकून ऐकून साचलेली. त्यांचं स्वयंपाकघर दुकानाच्या भिंतीला लागून होतं आणि मधलं दार उघडं असायचं. काका गिऱ्हाइकाला सांगत असायचे, "अख्ख्या युरोपात जमिनीखालून पहिली आगगाडी धावली ती तिथे," की आतून, फोडणीच्या आवाजावर, काकूंचा आवाज यायचा.

"चुकलात. लंडनची आधी. मग आपली."

"चुकलो," काका म्हणायचे आणि गिऱ्हाइकाला दुरुस्ती करून सांगायचे.

"चुकलात" आणि "चुकलो". दिवसभर हे चालायचं. बाहेरच्याला वाटावं, ही बाई नवऱ्याचा पाणउतारा करते. पण काका त्या "चुकलात"ची वाट बघायचे हे मला लवकरच कळलं. बराच वेळ आतून काही आलं नाही तर ते मान वळवून दाराकडे बघायचे. आणि काकूंनी कितीही नाक मुरडलं तरी "आपली" हा शब्द त्यांचाच होता. काका कधी "आपली आगगाडी" म्हणत नसत.

बिडीची फळी हा त्यातलाच एक प्रकार. त्या शहराच्या संसदेत म्हणे सभागृहाबाहेर पितळेच्या खाचा करून ठेवल्या आहेत, प्रत्येक खाचेला नंबर. पूर्वी सभासद आपली पेटलेली सिगार तिथे ठेवून आत जायचे. आत कुणाचं भाषण रंगलं की बाहेर सिगार जळून राख व्हायची, आणि त्यावरून भाषणाची किंमत ठरायची. काकांनी सुताराकडून एक फळी करून घेतली, तिला खाचा पाडल्या, तांबड्या रंगाने नंबर घातले आणि ती दुकानाबाहेर ठोकली. दुकानात बिडी ओढायला बंदी होतीच. लोक आपली बिडी खाचेत ठेवून आत यायचे, आणि बाहेर पडल्यावर बघावं तर उरलंय फक्त बिडीचं बूड.

"काका, माझी अख्खी बिडी गेली," एकाने तक्रार केली.

"म्हणजे आज मी चांगलं बोललो!" काका खूश.

"चुकलात," आतून आलं. "चांगलं नाही, लांब बोललात."

पुढे दोन नंबरवाला तीन नंबरची बिडी ओढून गेला आणि दुकानासमोर चांगलीच जुंपली. काकूंनी ती फळी काढून स्वयंपाकघरात नेली आणि खाचांमध्ये पळ्या, झारे, उलथनं अडकवली. तेव्हापासून त्या घरात आमटीची पळी एक नंबरवर असायची.

काकांची चेष्टा करावी तितकी थोडी, पण कधीकधी त्यांची गोष्ट भलतीकडेच जाऊन पडायची. एकदा खोकल्याचं औषध न्यायला वांगणीची एक म्हातारी आली होती. काका रंगात आले होते. त्या शहराच्या डोंगरावर एक छोटी रेल्वे आहे, तिकिटं द्यायला मुलं, सिग्नलला मुलं, झेंडी दाखवायला मुलं. इंजिन सोडलं तर सगळा कारभार मुलांचा. म्हातारीने नीट ऐकून घेतलं.

"आमची पोरां पन जातात ना, दिवाळी झाली का. गाडी भरून. वीटभट्टीवर," ती म्हणाली. "पन परत कवा यायचा, ते दुसराच ठरवतं."

काकांनी बाटली कागदात गुंडाळून दिली. ती रेल्वे मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही.

पावसाळ्यात मुंबईचे लोक धबधबे बघायला येतात. त्यातलं एक कुटुंब डोकेदुखीची गोळी मागायला दुकानात आलं. कॅलेंडर बघून ते म्हणाले, अरे, इथे आम्ही गेलो होतो! काकांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्यासाठीच भीती वाटली. त्यांनी काउंटरवरून पुढे झुकून विचारलं, "मग पुलावरच्या सिंहांच्या जिभा बघितल्यात?"

त्यांनी बघितल्या नव्हत्या. अर्धा दिवसच होता, पुलावर फोटो काढले आणि पुढच्या देशात गेले. आणि इथे सकाळीच शिरपामाळच्या टेकडीवर जाऊन आलो, तिथे तर बघण्यासारखं काहीच नाही, असंही म्हणाले.

"तिथे बघायचं नसतं. स्वारीवर निघालेले महाराज तिथे थांबले होते," काका म्हणाले. "तुम्हीही जरा थांबायचं."

गोळी दिली आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "डोकं दुखणारच."

त्या सिंहांची गोष्ट काकूंची लाडकी. साखळ्यांच्या त्या जुन्या पुलाच्या दोन्ही टोकांना दगडी सिंह बसवले आहेत. पुलाच्या उद्‌घाटनाला सगळं गाव जमलं, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की सिंहांना जिभाच नाहीत. लोक हसायला लागले. शिल्पकाराला ती नामुष्की सोसवेना, त्याने नदीत उडी टाकली. काका इथवर सांगायचे आणि थांबायचे, कारण शेवट काकूंचा होता. त्या हातातलं काम टाकून दारात यायच्या आणि म्हणायच्या, "चुकलात. उडीबिडी काही नाही, तो चांगला म्हातारा होऊन मेला. आणि जिभा आहेत. खालनं दिसत नाहीत, एवढंच."

काकूंना झटका आला त्या दिवशी मी मोखाड्याला होते. परत आले तर दुकानाचं शटर खाली. भर बाजाराच्या दिवशी काकांचं शटर खाली मी कधी बघितलं नव्हतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, जीपमध्ये घालून नाशिकला नेलंय, तोरंगणच्या घाटाने. त्या रस्त्याचे खड्डे मला पाठ आहेत. त्या रात्री एकेक खड्डा मला आठवत राहिला.

बऱ्याच दिवसांनी दोघं परत आले. काकूंना गाडीतून खुर्चीत उतरवताना मी पुढे झाले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे ओठ हलले. काही आलं नाही. त्यांना ते माझ्याआधी कळलं आणि त्यांनी मान खाली घातली. इतकी तोंडाळ बाई! मला तो क्षण अजून सोसत नाही.

नाशिकच्या डॉक्टरांनी काकांना एक उपाय सांगितला होता. ओळखीचे शब्द अर्धे म्हणा, उरलेला अर्धा त्यांना म्हणू द्या. घाई करू नका. काका घरी आल्यावर ह्या कामाला लागले. "जव्," ते म्हणायचे आणि "हार"ची वाट बघायचे. "त्र्यं," आणि "बक" यायचं नाही. देवांची नावं झाली, भाज्यांची झाली, माहेरच्या माणसांची झाली. मग एका सकाळी, ब्रशवर पेस्ट लावता लावता, त्यांना तो शब्द सुचला. काकूंनी स्वतः घडवलेला, घरात रोज वापरलेला, जन्मात विसरणार नाहीत असा. त्या दिवसापासून मोरीत "बुडा" सुरू झालं.

दुकानात मात्र ते शहर बंद झालं. काका मुकाट्याने पट्टी कापायचे, पुडी बांधायचे. लोकांना चुकल्यासारखं व्हायचं. तोच तापवाला आजोबा एक दिवस काउंटरला टेकून बराच वेळ उभा राहिला. "काका, आज नदी नाय का?" त्याने विचारलं. काका म्हणाले, "आज नाही." आजोबाने पुढच्या खेपेला कसलीशी मुळी आणून दिली, उगाळून जिभेवर लाव म्हणाला. काकांनी ती देव्हाऱ्यात ठेवली. औषधवाला असून त्यांनी ती टाकली नाही, आणि लावलीही नाही.

संध्याकाळी काका काकूंच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून वाकवायचे आणि सरळ करायचे. "तिथल्या देवळात एका राजाचा उजवा हात जपून ठेवलाय," ते सांगायचे. "काचेच्या पेटीत. नाणं टाकलं की दिवा लागायचा आणि हात दिसायचा. तुझा तर अजून अंगाला आहे, त्याला काय झालंय?" आणि मग ते चुका करायला लागायचे. मुद्दाम. बुडा सपाटीवर आहे म्हणायचे आणि पेस्ट डोंगरावर. जमिनीखालची गाडी लंडनच्या आधीची म्हणायचे. प्रत्येक चुकीनंतर थांबायचे आणि काकूंच्या तोंडाकडे बघायचे.

मला हे लगेच समजलं नाही. मी दमून आले होते, दाराशी चपला काढत होते आणि सहज बोलून गेले, "काका, बुडा ना डोंगरावर? तुम्हीच सांगितलंत."

काका माझ्यावर केवढ्याने ओरडले! "तुम्हाला कोणी विचारलंय? तुम्ही मध्ये बोलू नका!" मग स्वतःच वरमले, कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, "मॅडम, ती जागा तिची आहे हो. मोकळी राहू दे."

त्यानंतर मी कधी दुरुस्ती केली नाही. पण एका संध्याकाळी त्यांनी सिंहांची गोष्ट काढली. लोक जमले, लोक हसले, शिल्पकाराने उडी टाकली. आणि काकूंच्या पुढे झुकून काका म्हणाले, "कारण सिंहांना जीभच नव्हती." आणि थांबले.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि डाव्या हाताने पदर ओढून चेहऱ्यावर घेतला.

काका बाहेर पायरीवर येऊन बसले. मी आतून पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. "फार झालं माझं," ते म्हणाले. "हे बोलायला नको होतं. मी दमलो, मॅडम. ती गप्प आहे ह्याचा शीण आला असं कुणाला सांगता येतं का? लोक म्हणतात, सेवा करतोय. उचलण्या-ठेवण्याचं काही वाटत नाही. पण दिवसभर मी म्हणेन तेच बरोबर. चुकलात म्हणायला कुणी नाही." मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. त्या दिवशी खरं तर मीही फार थकले होते.

चुका तेव्हापासून थांबल्या. सकाळचं "बुडा" तेवढं राहिलं, तेही आता सवयीचं, फारशी आशा नसलेलं. नळ बंद करायचंही काकांनी सोडून दिलं.

आणि अशाच एका सकाळी, पाणी धो धो वाहत असताना, "बुडा" झालं आणि त्यामागून एक जाड, खरबरीत, ओळख न पटणारा आवाज आला.

"पेस्ट."

पाठोपाठ तांब्या खाली पडल्याचा आवाज. मी चहा तसाच टाकून धावले. काका ब्रश हातात धरून उभे होते आणि काकू त्या ब्रशकडे बोट दाखवत होत्या. ब्रश कोरडा होता. घरातली पेस्ट संपली होती आणि, ज्यांच्या दुकानात पेस्टचं एक अख्खं फडताळ होतं, ते काका कोरडा ब्रश बायकोच्या तोंडापुढे धरून "बुडा" म्हणत उभे होते.

"काय म्हणालीस?" काकांनी विचारलं. "गावाचं म्हणालीस की दातांचं?"

"पेस्ट!" काकू ओरडल्या. अगदी पूर्वीसारख्या.

काका ओल्या पायांनी मधल्या दारातून दुकानात धावले आणि हाताला लागतील तितक्या पेस्टी कवेत घेऊन आले. मी हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही. माझा चहा उतू जाऊन गॅस विझला होता.

आम्हाला वाटलं, आता दार उघडलं, मागोमाग बाकीचे शब्द येतील. ते आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एकच शब्द हाती लागतो आणि तोच राहतो. काकूंना तोच राहिला. भूक लागली की पेस्ट. दार लावा, पेस्ट. शेजारीण फार वेळ बसली, पेस्ट. मी उशिरा परतले की खुर्चीतून रागाने, पेस्ट. पण तोंड उघडलं होतं, आणि एकदा उघडल्यावर त्या मागे हटणाऱ्यातल्या नव्हत्या. कुठे जोर द्यायचा, कुठे लांबवायचं, कुठे "ट" नुसताच आपटायचा, असं करत त्यांनी त्या एका शब्दावर संसार चालवायला घेतला.

काका त्यांचे दुभाषी झाले. काकू बोलल्या की ते क्षणभर डोळे मिटायचे आणि सांगायचे, "आमटीत मीठ नाही म्हणते." चुकलं की काकू पुन्हा म्हणायच्या, "पेस्ट," जरा वरच्या आवाजात. "चुकलो," काका म्हणायचे आणि दुसरा अर्थ लावायचे. तिसरा लावायचे. बरोबर येईपर्यंत काकू सोडायच्या नाहीत. हे फार दमवणारं होतं. काका वाळले, दुपारी काउंटरवर डोकं टेकून डुलक्या काढायला लागले. पण मधलं दार पुन्हा उघडं असायचं, आणि एक दिवस संध्याकाळी मी येताना ऐकलं, काका एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "अख्ख्या युरोपात पहिली जमिनीखालची गाडी तिथली," आणि आतून "पेस्ट!" आलं, आणि काका म्हणाले, "चुकलो. लंडनची आधी." मग घसा साफ करून म्हणाले, "मग आपली."

माझी बदली त्याच वर्षी झाली. इतके अर्ज केले होते की हुकूम हातात आल्यावर आनंद व्हायचा राहूनच गेला. नाशिकची गाडी सकाळची होती. सामान आधीच डेपोवर गेलं होतं. निरोप घ्यायला मी दुकानाशी आले, तर काकांनी काकूंची खुर्ची आणून दारातच ठेवली होती. काकूंना नवं लुगडं नेसवलं होतं, निऱ्या काकांनी काढलेल्या, सगळ्या एका बाजूला गेलेल्या. त्यांच्या मांडीवर माझ्यासाठी नागलीच्या भाकरीचा डबा होता.

मी वाकून पाया पडले. काकूंनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं.

"पेस्ट," त्या म्हणाल्या.

काकांनी डोळे मिटले, उघडले. "पोचल्यावर फोन कर म्हणते."

काकूंनी नाही म्हणून मान हलवली. "पेस्ट."

"चुकलो. डबा परत पाठवायची घाई करू नकोस म्हणते."

"पेस्ट." ह्या वेळी आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. असा आवाज मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. काकांनीही ऐकला नसावा, कारण ते पुढे आले, खुर्चीपाशी उकिडवे बसले आणि खालून बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. रस्त्यावरून एक गाडी गेली, ती माझी नव्हती.

"चुकलो," काका म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. "जाऊ नकोस म्हणते."

काकूंनी मान हलवली नाही. बरोबर होतं ते.

बदलीचा हुकूम माझ्या पिशवीत होता आणि मनगट त्यांच्या हातात. मला ते सोडवून घ्यायला जमलं नाही. शेवटी काकूंनीच मनगट सोडून त्याच हाताने माझी आवळलेली बोटं एकेक करून सरळ केली, काका त्यांची करायचे तशी, आणि मग हात सोडला.